अण्णांची फुंकर

गांगुर्डे अण्णांनी उभ्या आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्यांना तशी गरजच पडली नाही. ते फुंकर मारायचे.

फुंकरीला काय भ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत राहिला नव्हतात म्हणून म्हणाल. लोक फुंकर घालतात ती बशीतल्या चहावर, नाहीतर पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर. अण्णांच्या फुंकरीचं घराणं वेगळं होतं. आधी छाती भरायची. खाकी शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसायची. मग मिशीची दोन्ही टोकं हळूहळू वर उचलली जायची, आणि मग ‘फू’. एकदा ती जरा तिरकी गेली, तर गल्लीपलीकडे माझ्या मामीचा पेटलेला स्टोव्ह विझला. मामी म्हणते रॉकेल संपलं होतं. मामी भोळी आहे.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि आमच्या कॉलनीत घर बांधून राहिले. बायको कधीच वारलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी पुष्पा. त्यांचं बोलणं तीन जागचं. नेहमीचं मराठी, हुकूम द्यायचा असला की फौजी हिंदी, आणि मनातलं काही आलं की अहिराणी. मनातलं फारसं येत नसे. त्या वेळी आणीबाणी नुकतीच उठली होती. देशात उठली होती म्हणजे. आमच्या गल्लीत अण्णा होतेच.

फौजेतून येताना त्यांनी दोन वस्तू आणल्या. एक लोखंडी ट्रंक आणि एक खेळ. बराकीत पावसात अडकलेले जवान खेळायचे तो हा खेळ. कुणी त्याला ड्राफ्ट म्हणायचं, कुणी चेकर्स. अण्णांनी आपल्या ओट्यावर काळ्या ऑइल पेंटनं कायमचा पट रंगवून घेतला होता. सोंगट्या म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची बुचं. एका बाजूची गेरूनं लाल केलेली, दुसऱ्या बाजूची तशीच.

खेळ सोपा आहे. पट बुद्धिबळाचाच, पण वापरायची फक्त काळी घरं. बूच तिरकं पुढं सरकतं, एका वेळी एक घर. समोर शत्रूचं बूच असेल आणि त्याच्या पाठीमागचं घर रिकामं असेल, तर त्याच्यावरून उडी मारायची आणि त्याला उचलून बाजूला ठेवायचं. पुढं आणखी एक तसंच उघडं उभं असेल तर त्याच दमात दुसरी उडी. शेवटच्या रांगेत पोचलं की बुचाच्या डोक्यावर दुसरं बूच टोपीसारखं चढतं, आणि मग ते पुढंही चालतं, मागंही. सगळं जग त्याला राजा म्हणतं. अण्णा सुभेदार म्हणायचे. स्वतः हवालदारकीवरच रिटायर झाले असल्यामुळे आपलं बूच सुभेदार झालं की ते बसल्या जागी सावधान होत.

आता ज्या कलमापायी माणसं घाबरायची ते ऐका. मारता येत असेल तर मारावंच लागतं. ‘मारनं पडी,’ अण्णा म्हणायचे. तुमची इच्छा असो नसो, पुढं खड्डा दिसत असो, मारनं पडी. आणि तुमच्या लक्षातच आलं नाही, किंवा आलं पण भिऊन तुम्ही दुसरीकडेच चाल केलीत, तर ज्या बुचानं मारायचं सोडलं ते बूच गुन्हेगार ठरतं. समोरच्यानं त्याच्यावर फुंकर मारायची आणि त्याला पटावरून काढायचं. वर आपली चाल वेगळी खेळायची.

इतर लोक फुंकर मारल्यासारखं करून बूच बोटांनी उचलतात. अण्णांना बोटं लागत नसत. बूच ओट्यावरून उडायचं, गल्लीत पडायचं आणि टणटणत नालीपर्यंत जायचं. तिथली कुत्री रविवारी दुपारी, डावाच्या वेळी, जागा बदलून झोपत.

त्यातही फुंकर परवडली. तिच्या आधीचा वेळ परवडत नसे. तुमची चूक अण्णांना कधीच दिसलेली असायची, पण ते बोलायचे नाहीत. शेवग्याच्या झाडाकडे बघत बसायचे. तुम्ही बुचावरचं बोट उचलेपर्यंत थांबायचे. आपण बोट उचलावं की न उचलावं या विचारात मी एकदा इतका वेळ बोट ठेवून बसलो, की पुढं आठवडाभर ते बोट सरळ होईना.

हे सगळं पटापुरतं असतं तर कॉलनी सुखात राहिली असती. पण अण्णांनी ते कलम अख्ख्या आयुष्याला लावलं होतं. संधी समोर आली, घेतली नाही, फू.

माझे मामा एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले. अण्णांनी मटणाचा रस्सा वाढायला पळी पुढं केली. मामा रिवाजाप्रमाणे ‘नको नको’ म्हणाले. अण्णांनी पळी तशीच मागं घेतली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर फुंकर मारली. मामांनी पुढची भाकरी पातेल्याकडे बघत बघत कोरडी खाल्ली. तेव्हापासून त्या घरात ‘नको’ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. एक पाहुणा तर भीतीनं वाढतील ते घेत गेला, आणि त्याला शेवटी हातगाडीवर घालून घरी पोचवावं लागलं. हातगाडी ओढायला मी होतो, त्यामुळे यात शंका घेऊ नका.

सार्वजनिक नळावर तीच गत. नंबर आला आणि बाई शेजारणीशी बोलण्यात गुंतली, की मागून ‘फू’ ऐकू यायचं. वळून बघावं तो अण्णांची बादली नळाखाली. कुणी भांडलं नाही. ज्यांच्या तोंडाला अख्खी कॉलनी भ्यायची त्या बायासुद्धा अण्णांची चाहूल लागली की हंडा छातीशी धरून गप्प उभ्या राहायच्या.

तर अशा माणसाची मुलगी मला आवडली.

मी मामांकडे राहायचो आणि नोकरी होती सातपूरच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. म्हणून अण्णा मला ‘इष्टोर’ म्हणत. नाशिक रोड हे गावाचं एक टोक आणि सातपूर दुसरं. मधे सगळं नाशिक. रोज मी सायकलवर ते ओलांडायचो. कारखान्यातले लोक विचारायचे, अरे, इथंच खोली का घेत नाहीस. मी म्हणायचो, मामीच्या हातचं जेवण. मामीच्या हातचं जेवण ज्यांनी खाल्लं होतं त्यांना लगेच कळायचं की भानगड दुसरी आहे.

पुष्पा टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. कॉलनीत अण्णांना न भिणारं एकमेव माणूस. ड्राफ्टमध्ये ती त्यांना हरवायची, आणि हरवून झाल्यावर बुचं गोळा करायला त्यांनाच लावायची. मी तिच्याशी बोलायचो तो बस स्टॉपवर, तोही अण्णांच्या घराकडे पाठ करून, कारण वारा कुठून सुटेल याचा भरवसा नव्हता. शेवटी एकदा धीर करून मी तिला म्हटलं की तूच सांग ना अण्णांना. ती म्हणाली, “मी सांगितलं तर ते लगेच हो म्हणतील. पण मग तुम्ही जन्मभर मलाच पुढं कराल. तुम्ही विचारा.”

विचारा. माझ्या आधी एक जण येऊन गेला होता. पिंपळगावकडचा मुलगा, चांगला शिकलेला, आईवडलांबरोबर मुलगी पाहायला आला. पोहे झाले. अण्णांनी विचारलं, मुलीला काही विचारायचं आहे का. मुलगा लाजून मान खाली घालून नाही म्हणाला. अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांची छाती भरायला लागली. ती मंडळी पिंपळगावची बस पकडायला धावली आणि गडबडीत उलट दिशेच्या देवळालीच्या बसमध्ये बसली, असं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे, पसरवलंही मीच.

मी महिनोन्‌महिने दर रविवारी त्या ओट्यावर जाऊन बसत होतो. आज विचारू म्हणून बसायचो आणि बुचं गमावून उठायचो. सोबत बबन असायचा. हा सायखेड्याचा, आमच्याच कारखान्यात फिटर. माझी फजिती बघायला दर रविवारी बिनचूक हजर. माझे हात थरथरायला लागले की तो अण्णांना म्हणायचा, “अण्णा, वारं लय सुटलंय, बुचं हालत्यात बघा.” अण्णा झाडाकडे बघायचे. पान हालत नसायचं.

मग एका शनिवारी बबन स्टोअरच्या खिडकीत आला आणि म्हणाला, “उद्याचा दिवस हाय तुझा. परवा मालेगावहून पाव्हणे येणार हायत पुष्पीला बघाया. पोराचे स्वतःचे कापडाचे माग हायत. पोरगं बोलकं हाय म्हणत्यात.”

बोलकं हाय म्हटल्यावर मी स्टोअरची खिडकी लावून घेतली. रूपानं, घरानं, मागांनी मला कुणी मारलं असतं तरी चाललं असतं. बोलक्या माणसापुढं माझं काही चालणार नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळा लागला की छाती भरलेली दिसायची.

रविवारी दुपारी गेलो. अण्णा पट पुसून बसलेच होते. जयभीम घातला. बबन शेंगा सोलत पायरीवर बसला. आतून पुष्पाच्या भांड्यांचा आवाज येत होता, आणि तो अधूनमधून थांबत होता, म्हणजे ती ऐकत होती.

मी ठरवलं होतं की डाव सुरू व्हायच्या आधीच विचारायचं. अण्णांनी लाल बुचं पुढं सारली आणि मी खेळायला लागलो. मग ठरवलं, पहिलं बूच गेलं की विचारायचं. पहिलं गेलं, दुसरं गेलं. पाठीवरून घामाची धार चालली होती. भीती कशी असते ते मी त्या दिवशी जवळून पाहिली. ती पोटातून निघते, गुडघ्यात जाऊन बसते आणि तिथून सबंध माणूस चालवते. मी चाली करत नव्हतो. माझ्या वतीनं तीच करत होती, आणि मारायचं तिथं मारत होती, कारण फुंकरीचं भय तिलाही होतं.

बघता बघता माझी दोनच बुचं उरली. आणि ती अशी उभी राहिली की आंधळ्यानंही मारावीत. अण्णांच्या बुचासमोर माझं एक, त्याच्यामागं घर रिकामं. त्या घरापुढं तिरकं माझं दुसरं, त्याच्याही मागं रिकामं. दोन उड्या आणि सगळं सैन्य साफ. आता डाव संपणार, अण्णा बुचं ट्रंकेत भरणार, आणि उद्या मालेगावची बस येणार.

अण्णांनी हात पुढं केला. त्या बुचावर नेला. तिथं जरा थांबले. मग हात बाजूला गेला आणि त्यांनी पटाच्या कडेचं एक निरुपद्रवी बूच एक घर पुढं सारलं. बोट उचललं. आणि शेवग्याकडे बघत बसले.

बबनच्या हातातली शेंग तशीच राहिली. आतला भांड्यांचा आवाज बंद झाला.

अण्णांनी मारायचं सोडलं होतं. ज्या माणसानं कधी पाहुण्याच्या ‘नको’ला सूट दिली नाही, नळावर पुढच्याला एक क्षणही दिला नाही, त्यानं दोन उड्या सोडल्या होत्या. आणि कायद्यानं आता फुंकर माझी होती.

अण्णांच्या बुचावर आजवर कुणी फुंकर मारलेली नव्हती. मारली तर काय होतं हे सांगायला कुणी नव्हतं. नाही मारली तर मी संधी सोडली, म्हणजे अण्णांच्या लेखी मी संपलो. दोन्हीकडून मरण. बबन कानाजवळ येऊन पुटपुटला, “मार लेका. आत्ता नाय मारली तर जन्मभर रडशील.”

मी वाकलो. डोळे मिटले. होती नव्हती तेवढी हवा छातीत भरली. आणि ओठांशी आल्यावर त्या हवेचं काय झालं कोण जाणे, फुंकर निघालीच नाही. तिच्या जागी शब्द निघाले.

“अण्णा, मला पुष्पाशी लग्न करायचंय.”

डोळे उघडायची हिंमत नव्हती. वाट बघत राहिलो. छाती भरल्याचा आवाज आला नाही. बटणं कुरकुरली नाहीत. शेवटी एक डोळा किलकिला करून बघितलं, तर अण्णा पटाकडे बघत होते. मिशीची दोन्ही टोकं खाली आली होती.

“माले दिसलं व्हतं,” ते म्हणाले.

“काय, अण्णा?”

“दोन्ही उड्या. मारल्या असत्या तर डाव संपला असता. डाव संपला की तू तोंड उघडणार. ह्या बबननं कालच सांगितलं मला.”

बबन अचानक आभाळात कावळे मोजायला लागला.

मी विचारलं, मग मारलं का नाही. हा प्रश्न मी शहाणपणानं विचारला नाही. भीतीत माणसाची जीभ कुठंही जाते.

अण्णांनी पटावरचं एक बूच उचललं. मग म्हणाले, “भ्याव वाटलं.”

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटतं त्यांनीही. बुचं एकेक करून हातात गोळा करत त्यांनी पुढचं सांगितलं, माझ्याकडे न बघता. पुष्पा लहान असताना तिची आई आजारी पडली. सटाण्याहून तार आली. साहेबानं स्वतः बोलावून सुट्टी देऊ केली, जा म्हणाला. अण्णांना वाटलं, साधा ताप असेल, लगेच गेलो तर बरोबरची पोरं हसतील. पुढच्या महिन्यात जातो म्हणाले. साहेबानं कागद परत खणात ठेवला.

“मारनं पडत व्हतं,” अण्णा म्हणाले. “नही मारलं.”

पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायला मी काही इतका भित्रा नव्हतो. भित्रा माणूसच अशा वेळी काहीतरी विचारत सुटतो.  

पुष्पा दारात आली होती. हात पदराला पुसत तिनं विचारलं, “अण्णा, मालेगावच्यांना काय कळवू?”

“कळव, जागा भरली.”

“मला कुणी विचारलं?” पुष्पा म्हणाली.

अण्णा दचकले. खरोखर दचकले. मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुले पसंत शे का?”

“बरे आहेत,” पुष्पा म्हणाली. “वेळ फार लावतात.”

आणि चहा टाकायला आत गेली. बबननं मला ओट्यावरून उठवून उभं केलं आणि सोललेल्या शेंगा माझ्या मुठीत कोंबल्या.

निघताना अण्णा फाटकापर्यंत आले. कुणाला पोचवायला त्यांनी ओटा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. फाटकाची कडी उगाच वरखाली करत उभे राहिले. लग्नानंतर खोली सातपूरलाच घेणार का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, कारखान्याजवळ बघून ठेवली आहे. त्यांनी मान हलवली. कडी आणखी एकदा वर केली, खाली केली.

“सातपूर सायकलवर लांब पडतं का रे?”

रोज संध्याकाळी मी त्याच फाटकासमोरून घामानं चिंब होऊन, जीभ बाहेर काढून घरी येत होतो. ते अण्णांनी ओट्यावरून रोज पाहिलं होतं. नाशिकचा तो सगळा रस्ता त्यांना चांगला माहीत होता. तरी त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्या बघण्यानं मला इतकी भीती वाटली, जितकी फुंकरीनं कधी वाटली नव्हती.

“छे, अण्णा,” मी म्हटलं. “अगदी जवळ. वारा पाठीशी असला तर पायडल मारावंच लागत नाही.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग कडी लावून घेतली.

लग्न झालं. आम्ही सातपूरला राहायला गेलो. पहिल्याच रविवारी सकाळी दारात सायकलची घंटा वाजली. बघतो तर अण्णा. खाकी शर्ट अंगाला चिकटलेला, मिशीच्या टोकांवरून घाम गळतोय, हँडलला फडक्यात बांधलेला डबा. उतरताना त्यांचा पाय लटपटला, तो त्यांनी दुसऱ्या पायामागं लपवला. पुष्पा पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि रागावून म्हणाली की एवढ्या लांब सायकलवर यायचं काही कारण होतं का.

अण्णांनी तांब्या एका दमात रिकामा केला. धाप आवरली. माझ्याकडे एकदा बघितलं.

“लांब कसलं,” ते म्हणाले. “जवळच शे.”